आयता खड्डा

आसवेढ्यात पाण्याचं काही अडलं की लोक शुक्राला विचारत, आणि विचारून झालं की स्वतःला हवं तेच करत. ही रीत त्याच्या बापापासूनची. बापही बावा खणायचा.

विहिरीला आमच्याकडं बाव म्हणतात. शाळेत गुरुजींनी विहीर शिकवली ती पाटीवरच राहिली. हंडा घेऊन बाईमाणूस जातं ते बावेवर.

डहाणूहून तलासरीच्या अंगाला सरकलं की खाडीच्या पोटाशी आसवेढं लागतं. वरच्या अंगाला गावठाण आणि चिकूच्या वाड्या, मग भाताची शेतं, आणि सगळ्यात खाली, जिथं जमीन खाडीत पाय सोडून बसलीय, तिथं शुक्राचा पाडा. वीस-बावीस घरं, कुडाची. शुक्रवारी जन्मला म्हणून शुक्रा. नाव ठेवायला कुणी पंचांग उघडलं नव्हतं. अंगानं सुकवलेल्या बोंबलासारखा, बोलायला कमी. पण अनवाणी चालता चालता मध्येच थांबायचा, टाच दाबून बघायचा आणि म्हणायचा, "अठं दोन पुरुषावर पानी." दोन पुरुष म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल. खणून बघितलं तर वीतभराचाही फरक निघत नसे.

उभ्या जन्मात त्यानं एकवीस बावा खणल्या. वीस दुसऱ्यांच्या वाड्यांत, एकविसावी आपल्या पाड्यात. तिला तीन उन्हाळे गेले, कारण दिवसा दुसऱ्याची खणायची आणि ऊन उतरलं की आपली. तो खाली टिकाव मारी, वर त्याची बायको जानी रहाटानं माती ओढी. तिसऱ्या उन्हाळ्यात साडेचार पुरुषांवर काळ्या खडकाखालून मनगटाएवढा झरा फुटला.

"लागला काय रं?" जानी वरून ओरडली.

शुक्रानं ओंजळ तोंडात घेतली. "गोड हाय!"

ते ऐकून जानीनं दोर सोडून टाळ्या पिटल्या आणि दोराला लटकलेली मातीची पाटी शुक्राच्या खांद्यावर आली. तो खांदा पुढं दर पावसाळ्यात ठणकायचा. "तुझ्या हौसेपायी मना एका हाताचा केलास," तो म्हणायचा. जानी म्हणायची, "डोक्यावर पडायची ती खांद्यावर पडली. डोकं नव्हतंच म्हन ना, लागनार कुठं?"

ती बाव होण्याआधी पाड्याच्या बाया धोंडूशेठच्या वाडीच्या फाटकाशी उभ्या राहत. माळ्याची मर्जी झाली की तो मोटार सुरू करायचा आणि नळीचं तोंड फाटकाबाहेर टाकायचा. मर्जी नसली की रिकामे हंडे परत. बाव झाली त्या दिवसापासून पाड्यातलं एक माणूस त्या फाटकाकडं फिरकलं नाही. त्या वाटेवर गवत उगवलं. शुक्राला आयुष्यात कुणी हार घातला नाही, पण ते गवत त्यानं पाहिलं होतं.

विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा उलगली, म्हणजे संपली, की पुढच्या शनिवारी बावेचा गाळ काढायचा, ही पाड्याची रीत. त्या दिवशी सकाळपासून कुणाच्या घरात चूल पेटायची नाही. गाळ उपसून झाला, झऱ्याचं नवं पाणी हंड्यात आलं, की त्याच पाण्याचा भात. पोरं भुकेनं रडायची, म्हातारे बिड्या ओढत बसायचे. शुक्रा पहिला उतरायचा आणि शेवटचा वर यायचा.

तर अशा माणसाला पंचायतीनं जलसुरक्षक नेमलं. पदाचं नाव मोठं; काम म्हणजे गावच्या सगळ्या बावांत टीसीएलची जंतू मारायची पावडर टाकायची, पाण्याच्या बाटल्या भरून आरोग्य केंद्रात पोचवायच्या आणि सांगितलं की खुर्च्या लावायच्या. सरपंचाची खुर्ची आमच्याकडं कायद्यानं आदिवासीची. तिच्यावर पाड्यातलीच तुळशी बसायची, जानीची मावसबहीण. खुर्ची तुळशीची, आवाज उपसरपंच धोंडूशेठचा.

दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतर गावात भुयारी गटार आलं. उघड्या गटारांची घाण जाणार, डास जाणार, गावाला बक्षीस मिळणार. गावठाणापासून पाड्यापर्यंत सिमेंटच्या पायपा, अकरा चेंबर आणि शेवटी खाडीत सोडायचं. ठेकेदार भावेशभाई वापीकडचा, मराठी-गुजराती एकाच घासात खाणारा. जेसीबीनं चर पडत होता तेव्हा शुक्रा काठावर येऊन उभा राहिला.

"भावेशभाई, श्रावनात अठं पानी कुठवर चढतं, ठावं हाय?"

"कुठवर?"

शुक्रानं जमिनीपासून वीतभर खाली हात धरला. "एवढ्यावर. आन तुमची पायप पुरुषभर खाली. म्हंजे चार म्हैने पायप बावेत झोपनार."

"तो सुं? त्यात काय? पायपमध्ये पाणीच जायचं ना काका? दूध थोडंच जायचं?"

चरातले मजूर हसले. शुक्राला हसू आलं नाही.

"जायचं ते घरातलं. जमिनीतलं शिरलं तर घरातल्याला जागा कुठं उरंल? सांधे नीट भरा. चेंबर बाहेरून पन लिंपा. कनगी दोन्ही अंगांनी लिंपतात का नाय?"

"प्लान वरून पास झालाय, काका," भावेशभाई म्हणाला. "प्लानमध्ये श्रावण नाय."

खालच्या टप्प्यात पौषातच चराला पाणी लागलं. इंजिन लावून ते उपसायचं आणि ओल्यातच पायपा बसवून सांध्यांना सिमेंट थापायचं. सिमेंट धरायच्या आधी पाणी ते चाटून न्यायचं. शुक्रा रोज बघत होता. अकरावं चेंबर पाड्याच्या बावेपासून पंधरा पावलांवर आखलं तेव्हा मात्र तो फक्की मारलेल्या रेघेवरच जाऊन बसला. बावेजवळच्या चिंचेच्या पलीकडं न्या म्हणाला. पलीकडं न्यायचं तर पायप धोंडूशेठच्या शेताच्या कोपऱ्यातून जात होती.

धोंडूशेठ स्वतः आले. पांढरा लेंगा, पायात रबरी चप्पल, माणूस आवाज न चढवणारा. "शुक्र्या, ऊठ. पेटीत ठेवल्यासारखी घाण जाते त्यातून. वर झाकण असतं. तुझ्या बावेला वासही लागायचा नाही."

"शेठ, पेटीला भोकं हायत."

"तू बाव खणतोस ना? मग बाव खण. गटार त्यांना खणू दे."

शुक्रा उठला. पुढं जानी म्हणायची, तू उठलास ना, तिथंच सगळं बसलं.

पहिल्या श्रावणात अकराव्या चेंबरचं झाकण एखाद्या भाताच्या टोपावरच्या ताटलीसारखं खडखडायला लागलं. खालून पाणी उसळायचं, झाकण उचलायचं आणि गावठाणातल्या सगळ्या मोऱ्या-संडासांचं जे काही होतं ते पाड्याच्या अंगणात येऊन बसायचं. वरच्या दहा चेंबरांना काही नाही. पाणी उताराला जातं आणि उताराला पाडा. सुकी म्हातारीचं घर सगळ्यात खाली. तिच्या चुलीच्या वैलापर्यंत घाण आली. म्हातारी दारात उभी राहून वरच्या आळीकडं तोंड करून म्हणाली, "शेठलोकांनो, जेवान पाठवत नव्हता, आता जेवलेलं पाठवता काय?"

निस्तरायचं कुणी? जलसुरक्षकानं. पंचायतीनं एक डिझेल इंजिन दिलं. शुक्रानं अकराव्या चेंबरमध्ये पायप टाकून पाणी खाडीच्या अंगाला उपसायला सुरुवात केली. चेंबरांत स्वतः उतरला. जिथं सांध्यातून पाण्याची चिळकांडी उडत होती तिथं गोणपाटाच्या चिंध्या सिमेंटात भिजवून कोंबल्या, वर चिकणमाती थापली. एक बुजवलं की दुसरीकडं फुटायचं. बावेभोवती त्यानं मातीचा हातभर उंच बांध घातला. पहिला श्रावण त्या बांधावर निभला. घरी आला की जानी त्याला अंगणातच उभा करून अंगावर पाणी ओतायची. "तुझ्याशी लगीन लावलं तवा अंगाला मातीचा वास होता," ती म्हणायची, "आता सगळ्या गावाचा हाय."

पुढच्या वर्षी श्रावणात चार दिवस उघडीप पडली. दुपारची वेळ, गाव जेवून आडवं झालेलं, मोऱ्या कोरड्या. तरी अकरावं चेंबर भरून वाहत होतं. शुक्रा एकेक झाकण उचलत वर निघाला. दहावं, नववं, आठवं, सगळी भरून. चौथ्यात त्यानं पाय घातला आणि झटकन काढला. पाणी गार होतं. लोकांच्या मोरीचं पाणी गार नसतं. हे बावेचं गार होतं. मग त्यानं तिसरं उघडलं. तिथं नुसता ओघळ.

तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये धोंडूशेठची चिकूची वाडी.

चौथ्यात कंबरेएवढं उतरून त्यानं भिंत चाचपली. विटा फोडून मागाहून बसवलेल्या पायपेचं तोंड हाताला लागलं. मांडी जाईल एवढं रुंद, धो धो वाहतं.

तो तसाच ओला धोंडूशेठच्या ओट्यापाशी गेला. शेठ झोपाळ्यावर बसले होते. त्यांची बायको बकुळाकाकू सुपारी कातरत होती.

"ती पायप? मेलेली आहे ती," शेठ म्हणाले. "भावेशनं काम करताना ठेवलेला तुकडा आहे."

"अहो, मेलेली कशी?" काकू सुपारीतून मान वर न काढता म्हणाल्या. "गेल्या साली वाडीत पाणी साचून सात चिकू मुळाशी कुजले, म्हणून तर तुम्ही चर आणि बावेचं वरचं पाणी तिच्यात सोडलंत. यंदा एक पान पिवळं नाही."

झोपाळा थांबला. शेठनी काकूंकडं नुसतं बघितलं. काकू सुपारीचं ताट घेऊन आत गेल्या.

"पाऊस संपला की बंद करू," शेठ म्हणाले.

"पाऊस संपल्यावर काय बंद करायचं, शेठ? तवा पानीच नसतं."

"मग झालं तर. आपोआप बंद."

शुक्रा घरी आला. सांगून कोण ऐकणार? वीस बावा खणून दिलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र ठाऊक होती, की डोळ्यांनी दिसलेलं पाणी कुणी नाकारत नाही. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा होती. सगळा गाव शाळेपाशी, म्हणजे चौथ्या चेंबरच्या पुढ्यातच, जमणार होता. भाताच्या गिरणीमागं तुसाचा ढीग पडलेला असतो. तूस पाण्यावर तरंगतो, सगळ्यांना दिसतो. शुक्राच्या मनात मूठभर तूस होता. मग त्याला वाटलं, मूठभर कुणाला दिसणार? चार पोती उचलली. आमच्या माणसांची हीच खोड. खरं बोलायची वेळ क्वचित येते, मग आम्ही ते पोत्यानं ओततो.

झेंडा झाला, जिलबी वाटून झाली. शुक्रानं चौथ्याचं झाकण उघडून ठेवलं आणि वाडीच्या मागच्या चरात तूस सोडला. विडी अर्धी होईस्तोवर चेंबरमध्ये सोन्यासारखा पिवळा तूस उसळायला लागला. लोक गोळा झाले.

"धोंडूशेठच्या चरात टाकला तो अठं आला," शुक्रा म्हणाला. "बघा. तुमच्या गटारात तुमच्या मोऱ्यांचं पानी थोडं. शेठच्या वाडीचं झऱ्याचं पानी जास्त. म्हनून आमच्या घरात घान."

कुणी हसलं. कुणी "खरंच की" म्हणालं. ग्रामसेवक टाचा उंचावून बघू लागला. तेवढा वेळ शुक्राचा होता. उरलेली विडी विझेपर्यंतचा.

मग खालून पाड्यातला पोरगा बारक्या धावत आला. चार पोती तूस अकराव्यापर्यंत पोचला होता. इंजिनाच्या पायपेच्या तोंडावरच्या जाळीत तो बसला, भिजून फुगला आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. अकराव्याचं झाकण बाजूला फेकलं गेलं. पाड्याच्या अंगणात घाण आणि तुसाचा लगदा. बावेचा बांध एका जागी फुटला. शुक्रा धावत गेला आणि अंगावरचा सदरा, जानीची गोधडी, मिळेल ते भगदाडात कोंबून बांधावर आडवा पडला. बाव वाचली.

वर बघतो तर धोंडूशेठ काठावर उभे, लेंगा गुडघ्यापर्यंत वर धरून. मागं अख्खी ग्रामसभा.

"बघा," शेठ शांतपणे म्हणाले. "गटार का तुंबतं, दोन वर्षं विचारत होतात ना? तुंबवणारा सापडला."

पंचनाम्यात 'जलसुरक्षकाने गटारात भाताचा तूस टाकल्याने' असं लिहिलं गेलं. सरपंच म्हणून तुळशीनं सही केली. शुक्राला तेव्हापासून वरच्या आळीत तुसवाला म्हणायला लागले. 'तुसवाला आला रे, झाकणं सांभाळा.' नोकरीवरून काढला मात्र नाही, कारण चेंबरमध्ये उतरायला दुसरा कोण होता?

दोन हजार सतराची जत्रा उलगली. शनिवारी गाळ काढायला शुक्रा बावेत उतरला. वर चुली बंद, पोरं चिंचेखाली. पाणी उपसून गुडघाभर राहिलं तेव्हा त्याला वरच्या अंगच्या दगडांच्या सांध्यात एक काळी रेघ दिसली. करंगळीएवढी. दगडावरून सरपटत ती झऱ्याच्या डबक्यापर्यंत उतरत होती. त्यानं बोट लावलं, नाकाशी नेलं.

तिथंच बसला तो, गाळात. डोक्यात सगळं जुळलं. श्रावणात जमिनीला पाणी जास्त, तेव्हा ते पायपेत शिरतं. चैत्रात जमीन कोरडी, तेव्हा पायपेतलं बाहेर पडतं. भोक तेच. जे दार आत यायला, तेच बाहेर जायला. दोन वर्षं तो श्रावणातलं पाणी बांधानं अडवत बसला होता आणि चैत्रात घाण जमिनीखालून त्याच्या झऱ्याशी येऊन पोचली होती.

"काय रं, झोपलास काय खाली?" जानी वरून ओरडली. "पोरं भुकंजलीत!"

"आज नवं पानी नाय," तो खालून म्हणाला.

त्या दिवशी पाड्यात भात शिजला तो जुन्या, भरून ठेवलेल्या पाण्याचा. म्हाताऱ्यांना ते अशुभ वाटलं. शुक्रा कुणाला काही बोलला नाही. काळी रेघ सिमेंटानं बुजवली. ती वीतभर बाजूनं आली. पावडर दुप्पट टाकली. मग तपासणीच्या बाटलीत पाणी भरून घरात, कणगीवर ठेवलं. ही बाटली साधी असते. पाणी चांगलं असलं तर तसंच राहतं, वाईट असलं तर दुसऱ्या दिवशी काळं पडतं. दुसऱ्या दिवशी बाटली काजळासारखी.

जानीनं बघितली. "कुठली ही?"

"आपली."

तिनं बाटली उजेडात धरून फिरवली. मग म्हणाली, "फेकून दे. वरच्या आळीच्या बावेचं पानी भर दुसऱ्या बाटलीत, ते पोचव."

"आन पाडा हे पिवू दे?"

"उकळून पिवू. गाळून पिवू. मी घरोघर सांगते. पन कागद नको देवूस, शुक्रा. तू तूस दाखवलास, त्यांनी तुलाच धरला. आता बाटली दाखवशील, ते बाव धरतील."

"लाल कार्ड आलं की पंचायतीला गटार दुरुस्त करावंच लागतं. सरकारचं तसं हाय."

"सरकारचं तसं असंल. आसवेढ्याचं तसं नाय."

ज्या गावात पाणी धोक्याचं निघतं त्या गावाला लाल कार्ड मिळतं, बरं निघालं तर पिवळं, हिरवं. शुक्रानं तीन वर्षं केंद्रातल्या भिंतीवर तो तक्ता वाचला होता. कार्ड लाल आलं की दोष शोधावा, दूर करावा, असं तिथं छापलेलं होतं. छापलेल्यावर विश्वास ठेवायची त्याला सवय नव्हती, आणि ज्याला सवय नसते तो एकदा ठेवतो तेव्हा सगळाच ठेवतो. तीन दिवस बाटली कणगीवर राहिली. चौथ्या दिवशी सुकी म्हातारीला आणि दोन लेकरांना जुलाब लागले. म्हातारी सातव्या दिवशी गेली. तिला पोचवून आल्यावर शुक्रानं अंघोळ केली, बावेतून नव्यानं नमुना भरला आणि केंद्रात नेऊन दिला. वर चिठ्ठी त्यानं दुसऱ्याकडून लिहून घेतली: पायपेचे सांधे गळतात, त्याचं पाणी बावेत येतं, सांधे दुरुस्त करावे.

लाल कार्ड आलं. आणि ग्रामसभा बसली.

चिठ्ठी कुणी वाचली नाही. ग्रामसेवकानं कार्ड वर धरलं आणि म्हणाला, "पाड्याची विहीर पिण्यास अयोग्य आहे. हे आपल्याच जलसुरक्षकाने निदर्शनास आणून दिले. त्यांचे अभिनंदन." टाळ्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदा शुक्रासाठी टाळ्या वाजल्या.

"गटार दुरुस्त करा," शुक्रा उभा राहून म्हणाला. "बाव नाय बिघडली. गटारानं बिघडवली."

"गटार उकरायचं म्हणजे अख्खा रस्ता उकरायचा," धोंडूशेठ म्हणाले. "त्यापेक्षा मी काय म्हणतो ते ऐका. दर पावसाळ्यात पाड्यात घाण चढते, बरोबर? इंजिन पुरत नाही, कारण अकरावं चेंबर उथळ. इंजिनियर म्हणतो, एक खोल टाकी बांधा, सगळं पाणी तिच्यात उतरवा आणि मोठा पंप बसवून खाडीत फेका. टाकी बांधायला खणायचं कुठं? आता ती विहीर तशीही बाद झाली. चेंबरपासून पंधरा पावलांवर. साडेचार पुरुष खोल. आयता खड्डा आहे."

इंजिन बंद पडल्यावर कान जसे होतात तसं सभेत झालं.

"आन आमी पानी कुठलं प्यायचं?" जानी मागून ओरडली.

"माझ्या वाडीचं फाटक कुणी बंद केलंय का?" शेठ म्हणाले. "आधीही प्यायचात की."

शुक्रानं तुळशीकडं बघितलं. तुळशी त्या बावेचं पाणी पिऊन म्हातारी होत आली होती. दर जत्रेनंतर चूल बंद ठेवून त्याच चिंचेखाली बसली होती. ती ग्रामसेवकानं पुढं सरकवलेल्या कागदाकडं बघत होती.

"तुळशी," शुक्रा म्हणाला.

"घरात घान यायची तरी थांबंल, दादा," ती मान खाली घालून म्हणाली. "सुकीच्या घरात माझी लेक दिलीय." आणि तिनं सही केली. तिचंही काही खोटं नव्हतं. म्हणून शुक्राला शिवीसुद्धा देता आली नाही.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात बावेचा रहाट काढला. वरच्या अंगाचे दगड फोडून अकराव्याची पायप आत सोडली. वरून सिमेंटचा थर, लोखंडी झाकण, शेजारी पत्र्याची खोली, खोलीत पंप. आत उतरून पायप बसवायला माणूस हवा होता. बावेचा कुठला दगड कुठं सैल आहे हे एकालाच ठाऊक. शुक्रा पहिला उतरला आणि शेवटचा वर आला, रीतीप्रमाणं. पंप चालवायलाही त्यालाच ठेवला. जानी त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. मग एके दिवशी डोक्यावर हंडा घेऊन वाडीच्या वाटेला लागली. वाटेवरचं गवत महिन्याभरात तुडवलं जाऊन नाहीसं झालं.

पाड्यात घाण यायची थांबली, हे मात्र खरं. सांगायला पाहिजे म्हणून सांगतो.

त्या साली दिवाळीनंतर आमच्या भागात जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीत भांडी वाजायची, माणसं अंगणात निजायची. घरांना भेगा गेल्या. लोक भेदरले, आणि ज्यांना काही झाकायचं होतं त्यांना झाकण मिळालं. दोन हजार एकोणीसच्या वैशाखात तालुक्याहून एक साहेब गटार बघायला आला. पंप उन्हाळ्यातही दिवसभर का चालतो, बिल का एवढं, अशी विचारणा होती. भावेशभाईही आला होता, काळा चष्मा लावून.

"भूकंप, साहेब," तो म्हणाला. "बधा सांधा, सगळे सांधे हलले. आधी एक थेंब गळत नव्हता."

"देवाची करणी," धोंडूशेठ म्हणाले.

साहेब तरुण होता. त्यानं झाकण उघडायला लावलं आणि आत टॉर्च मारली. गटाराच्या पायपेच्या तोंडातून नुसती ठिबक. आणि खाली, काळ्या पाण्याच्या एका कोपऱ्यात, पाणी हलत होतं. तळातून कुणी फुंकर मारावी तसं. तेवढ्या जागेपुरतं ते काळं नव्हतं.

"हे कुठून येतंय?" साहेबानं विचारलं. सगळ्यांनी शुक्राकडं बघितलं. पाण्याचं अडलं की त्याला विचारायची रीत.

शुक्रा झाकणापाशी उकिडवा बसला. दुखऱ्या खांद्यावर त्यानं दुसरा हात ठेवला. भूकंप म्हणाला असता तर सगळे खूष होऊन गेले असते. पण पाण्याबद्दल खोटं त्याला येतच नव्हतं.

"तो झरा हाय, साहेब," तो म्हणाला. "मनगटाएवढा. मी काढला. बारा म्हैने वाहतो. तुमचा पंप गटार नाय उपसत. तो पिन्याचं पानी उपसून खाडीत टाकतोय. वरचे सांधे बुजवा, ही बाव साफ करा, एक पावसाळा गेला की पुन्हा गोड होईल."

साहेबानं पुन्हा टॉर्च मारली. बराच वेळ बघितलं. मान डोलावली. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला, आणि शुक्रानं पटकन वर बघितलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी असं म्हणालं नव्हतं.

साहेबानं वही काढली आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, "लिहा. टाकीत नैसर्गिक झरा असल्याने सध्याचा पंप अपुरा. दुप्पट क्षमतेचा पंप बसवावा."

गाडी गेली. भावेशभाई जाताना शुक्राच्या पाठीवर थाप मारून गेला. शुक्रानं झाकण लावलं, पंपाचं बटण दाबलं आणि पत्र्याच्या खोलीबाहेर चिंचेखाली बसला.

जत्रा उलगल्यानंतरचा तो शनिवार होता. तिन्हीसांजेला जानी आणि बाकीच्या बाया वाडीकडून परत आल्या. हंडे रिकामे. पाड्यात त्या दिवशी एकही चूल पेटली नाही. वाडीचा माळी कुठल्याशा लग्नाला गेला होता.